फेरीबोटीची रांग आणि तीन फासे

मे महिन्यातली दुपार, खाडीवरची जेटी आणि आमच्या गाडीपुढे एकवीस गाड्या. मागच्या सीटवर आंब्याच्या चार पेट्या, उन्हाने त्यांचा वास गाडीभर झालेला. कोकणात उन्हाळ्यात फिरलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडला, आगरदांडा–दिघी अशा ठिकाणी गाडी बोटीत घालून खाडी ओलांडता येते आणि डोंगरातून घालायचा लांबचा वळसा वाचतो. सुट्टीत तो सगळ्यांनाच एकदम वाचवायचा असतो.

शेजारी काका बसले होते. त्यांची सगळी नोकरी एसटीत गेली, शेवटची बरीच वर्षं कंट्रोलर म्हणून. रांग दिसली की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. जेटीवरच्या माणसाशी दोन मिनिटं बोलून आले, कागदावर आकडे मांडले आणि म्हणाले, "बोट चाळीस मिनिटांनी सुटते, बारा गाड्या घेते. तेवढ्या वेळात गाड्या येतात सरासरी दहा-अकरा. म्हणजे बोट पुरून उरायला हवी. मग ही रांग आली कुठून?"

मी कारखाने आणि गोदामांसाठी सिम्युलेशनचं काम करते. इतक्या वर्षांत माझं काम नेमकं काय आहे हे मला काकांना कधी नीट सांगता आलं नव्हतं, आणि आता त्यांनी स्वतःच त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न विचारला होता. रात्री जेवणं झाल्यावर पोरांच्या खेळातले तीन फासे घेऊन आम्ही ओटीवर बसलो.

तीन फाशांची बेरीज कमीत कमी ३ येते, जास्तीत जास्त १८, आणि सरासरी साडेदहा. काकांच्या दहा-अकराशी हे जुळतं. म्हणून ठरवलं की एकदा फासे टाकायचे, आणि जे दान पडेल तेवढ्या गाड्या त्या फेरीच्या आधी जेटीवर आल्या असं धरायचं. बोटीत जागा बारा. उरतील त्या पुढच्या फेरीला.

पहिलं दान ९. सगळ्या गाड्या गेल्या, तीन जागा रिकाम्या. दुसरं १४. बारा गेल्या, दोन मागे. तिसरं १२. मागच्या दोन धरून चौदा, पुन्हा दोन मागे. चौथं १५. सतरा झाल्या, पाच मागे. पाचवं १०, तीन मागे. सहावं १३, चार मागे. सातवं ८. मागच्या चार धरून बरोबर बारा, रांग संपली. आठवं ६. बोट अर्धी रिकामी गेली.

आठ फेऱ्यांत गाड्या आल्या ८७ आणि जागा होत्या ९६. काकांचा भागाकार अगदी बरोबर होता, नऊ जागा रिकाम्याच गेल्या. तरीही सलग पाच फेऱ्यांना कुणी ना कुणी जेटीवर राहिलं. दोन, दोन, पाच, तीन, चार. म्हणजे सोळा वेळा कुणाला तरी चाळीस मिनिटं जादा उन्हात थांबावं लागलं.

कारण साधं आहे. सकाळी रिकाम्या गेलेल्या तीन जागा दुपारच्या गर्दीसाठी राखून ठेवता येत नाहीत. गाड्या मात्र साठतात. रिकामेपण वाया जातं आणि गर्दी पुढे सरकते, असा हा एकतर्फी हिशेब आहे. सरासरी काढताना आपण दोन्ही एकमेकांत वजा करून टाकतो आणि रांग कागदावरून नाहीशी होते. काका लगेच म्हणाले, "सकाळी एसटी रिकामी गेली म्हणून संध्याकाळच्या गाडीत सीट वाढत नाही." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

आम्ही ओटीवर केलं त्याचंच नाव सिम्युलेशन. मराठीत त्याला प्रतिरूपण म्हणता येईल. खऱ्या गोष्टीचं तिच्या नियमांसकट एक छोटं रूप करायचं, त्यात वेळ पुढे सरकवायची आणि काय होतं ते बघायचं. हे संगणकाच्या आधीपासून चालत आलं आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे बंदरांच्या, खाड्यांच्या आणि धरणांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी खेळवतात आणि खरं बांधकाम करण्याआधी लाटा, प्रवाह, गाळ कसे वागतील ते पाहतात. खऱ्या समुद्रात बांध चुकीच्या जागी घातला तर तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. प्रतिकृतीत नेता येतो.

फासे टाकून उत्तर शोधायची युक्ती मात्र पत्त्यांतून आली. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हे गणिती आजारातून उठत होते आणि पडल्या पडल्या एकट्याने पत्ते खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे त्यांनी गणिताने काढायचा प्रयत्न केला, पण गणित हाताबाहेर जायला लागलं. मग त्यांच्या मनात आलं की त्यापेक्षा शंभर डाव मांडावेत आणि किती सुटले ते मोजावं. त्या सुमारास अमेरिकेत अणुसंशोधन चाललं होतं आणि न्यूट्रॉन कुठे जाऊन कशाला धडकेल हा प्रश्नही तसाच होता. जॉन फॉन नॉयमन यांनी ही कल्पना उचलून धरली आणि एनिॲक या सुरुवातीच्या संगणकावर ती चालवली गेली. निकोलस मेट्रोपोलिस यांनी तिला माँटे कार्लो हे नाव सुचवलं. माँटे कार्लो हे जुगारासाठी प्रसिद्ध ठिकाण, आणि उलाम यांचे एक काका तिकडे जाण्यासाठी नातेवाइकांकडून पैसे उसने घेत असत. आमच्या काकांना ही गोष्ट फार आवडली.

रांगेचं काही सूत्र नाही का, असं कुणी विचारेल. आहे. डेन्मार्कचे आग्नर एर्लांग यांनी १९०९ सालीच टेलिफोनच्या कॉल्सवरून रांगांचं गणित मांडायला सुरुवात केली होती. समजा एकच खिडकी आहे, माणसं अगदी अनियमितपणे पण सरासरी दर १० मिनिटांना एक येतात, आणि प्रत्येकाच्या कामाला कमीजास्त पण सरासरी ८ मिनिटं लागतात. सूत्र सांगतं की नंबर येईपर्यंत सरासरी ३२ मिनिटं थांबावं लागेल. आता माणसं १० ऐवजी दर ९ मिनिटांना येऊ लागली तर? थांबण्याची वेळ थेट ६४ मिनिटांवर जाते. गर्दी जेमतेम एक नवमांशाने वाढली आणि थांबणं दुप्पट झालं. गणपतीत किंवा शिमग्यात सगळं एकदम कोलमडल्यासारखं वाटतं ते यामुळे. वर्षभर काठोकाठ भरून चालणाऱ्या व्यवस्थेला थोडीशी जादा गर्दीही झेपत नाही.

पण अशी सूत्रं साध्या रांगेपुरतीच टिकतात. कोकण रेल्वे घ्या. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, आणि बहुतेक ठिकाणी एकच मार्ग. समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात बाजूला उभं राहावं लागतं. "गाडी क्रॉसिंगला थांबलीय" हे वाक्य फोनवर बोलला नाही असा कोकणी माणूस मिळणार नाही. एका गाडीला वीस मिनिटं उशीर झाला की समोरची थांबते, तिच्या मागची थांबते, आणि तो उशीर दोन्ही दिशांना पसरत जातो. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने वेग कमी ठेवतात, म्हणून वेळापत्रकच वेगळं असतं. कोण कुठे थांबेल हे कोण किती उशिरा आलंय यावर, आणि ते आधी कोण कुठे थांबलं होतं यावर अवलंबून असतं. इथे सूत्र लिहिता येत नाही. सगळ्या गाड्या संगणकात पळवून बघाव्या लागतात.

इथपर्यंत फक्त बघणं झालं. काकांना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. "एक जादा फेरी सोडायची. दुसरी बोट एकदाच, नेहमीच्या फेरीबरोबर. कधी सोडू ते सांग." उन्हाळ्यात जादा गाड्या सोडणं हा त्यांचा हातचा खेळ होता.

हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. आधी विचारत होतो की असं केलं तर काय होईल. आता विचारतोय की काय केलं तर सगळ्यांत चांगलं होईल. याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. सिम्युलेशन स्वतः हे उत्तर देत नाही. ते परीक्षकासारखं असतं, आपण पेपर लिहून द्यायचा आणि त्याने मार्क द्यायचे. उत्तर लिहिणारा वेगळा लागतो.

आठच जागा असल्यामुळे आम्ही सगळ्या तपासल्या. तीच आठ दानं ठेवली आणि जादा फेरी एकेका ठिकाणी घालून पाहिली. जादा फेरी पहिल्या बोटीबरोबर सोडली तर काहीच फरक नाही, सोळाचे सोळा. दुसरीबरोबर सोडली तर थांबणं सहावर येतं. तिसरीबरोबर आठ, चौथीबरोबर पाच. पाचवीबरोबर दहा, सहावीबरोबर बारा. सातवी किंवा आठवीबरोबर पुन्हा सोळा, कारण तोवर रांग आपली आपण संपलेली. बोट तीच, डिझेल तेवढंच, आणि फायदा शून्यापासून अकरापर्यंत कुठेही.

यातली एक गोष्ट मी काकांना पुन्हा पाहायला लावली. समजा सगळ्या जागा तपासायला वेळ नाही. आपण पहिल्या फेरीपासून सुरुवात करतो, एकेक पाऊल सरकतो, आणि सुधारणा झाली तरच पुढे जातो. पहिलीवर सोळा, दुसरीवर सहा. छान, सरकलो. तिसरीवर आठ, म्हणजे बिघडलं. म्हणून दुसरीवरच थांबलो आणि हेच सर्वांत चांगलं असं समजलो. खरं चांगलं उत्तर चौथीवर होतं, मधला आठचा उंचवटा ओलांडून पलीकडे.

पावसाळ्यात दाट धुकं असताना सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, समुद्राकडे उतरायचं झालं तर काय होईल, तसंच हे आहे. समोरचं काही दिसत नाही, म्हणून पायाला जिकडे उतार लागेल तिकडे जायचं. चालत चालत तुम्ही सड्यावरच्याच एखाद्या कातळकोंडीत पोचता. तिथे पाणी आहे आणि चारी बाजूंना चढ आहे. धुकं असेल तर त्यालाच समुद्र समजाल.

आठ जागांत हे सोपं होतं. खरं वेळापत्रक घ्या. सकाळी सहा ते रात्री दहा हे सोळा तास झाले. दर पंधरा मिनिटांना एकदा ठरवायचं की बोट सोडायची की नाही. अशा जागा होतात ६४, नेमकी बुद्धिबळाच्या पटावरची घरं. पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढे दुप्पट दुप्पट मागणाऱ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. इथे त्या सगळ्या दाण्यांहून फक्त एकाने जास्त आकडा येतो, १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ वेळापत्रकं. एकेकाची परीक्षा एका सेकंदात उरकली तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या चाळीस पटींहून जास्त काळ लागेल. बरं, यातली बहुतेक अशक्य आहेत, कारण बोट परत आल्याशिवाय पुन्हा सुटू शकत नाही. एकच बोट धरली आणि दोन फेऱ्यांत किमान ४५ मिनिटं ठेवली, तरी सुमारे साडेपाच हजार कोटी वेळापत्रकं उरतात. सेकंदाला एक तपासलं तर सतराशे वर्षांहून जास्त. आणि आपण अजून दुसरी बोट धरलेली नाही, टेम्पो आणि दुचाकींचा विचार केलेला नाही.

म्हणजे सगळं तपासणं सोडून द्यायचं आणि शहाणपणाने शोधायचं. यासाठी अनेक युक्त्या आहेत. मला जवळच्या वाटणाऱ्या दोन सांगते.

एक लोहाराच्या भट्टीतली आहे. तापलेलं पोलाद एकदम पाण्यात बुडवलं तर कडक होतं पण ठिसूळ राहतं. तेच राखेत पुरून हळूहळू निवू दिलं तर आतले कण सावकाश आपापली जागा शोधतात, ताण निघून जातो. गरम असताना कण इकडेतिकडे उड्या मारतात, कधी वाईट जागीही जातात, पण त्यामुळेच अडकून पडत नाहीत. मेट्रोपोलिस, रोझेनब्लूथ दांपत्य आणि टेलर दांपत्य यांनी १९५३ साली कणांची ही हालचाल संगणकावर उभी करण्याची रीत दिली. मग १९८३ साली आयबीएममधल्या कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेक्की यांनी तीच रीत चिपवरचे भाग कसे मांडावेत अशा प्रश्नांना लावली. वेळापत्रकाला ती अशी लागते. एक फेरी पंधरा मिनिटं मागेपुढे करा. सुधारलं तर ठेवा. बिघडलं तरीही कधी कधी ठेवा, सुरुवातीला बऱ्याचदा आणि पुढे पुढे क्वचित. सुरुवातीच्या उड्यांत तुम्ही सड्यावरच्या कोंडीतून बाहेर पडता, आणि शोध निवत जातो तसे खऱ्या खोलीत स्थिरावता. तो आठचा उंचवटा ओलांडायचं धैर्य इथून येतं.

दुसरी युक्ती आंब्याची. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात तयार केली, ती १९८१ साली बाहेर आली. नीलम दरवर्षी धरतो, हापूसला चव आहे पण तो एक वर्षाआड रुसतो आणि आत साका, म्हणजे गराचा पांढरट खराब भाग, धरतो. रत्नात साका नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून पातळ कोयीचा 'सिंधू' आला. जॉन हॉलंड यांनी १९७५ साली मांडलेल्या जनुकीय पद्धतीत उत्तरांचा असाच संकर करतात. शंभर वेळापत्रकं घ्यायची, सिम्युलेशनमध्ये सगळ्यांची परीक्षा करायची, आणि चांगल्या दोघांना एकत्र आणायचं. एकाची सकाळ, दुसऱ्याची संध्याकाळ. मधूनच एखादी फेरी उगाच हलवायची, म्हणजे नवं काही येत राहील. आणि सर्वांत चांगलं वेळापत्रक संकर न करता पुढच्या पिढीत जसंच्या तसं घ्यायचं. बागायतदार कलम बांधतो ते याचसाठी. बाठ्यापासून वाढवलेलं झाड कसं निघेल याचा भरवसा नाही, कलम मात्र आईवरच जातं.

काकांना दोन्ही पटल्या. मग मी त्यांच्या चौथ्या फेरीवर पाणी ओतलं. फासे पुन्हा टाकले, म्हणजे दुसरा दिवस. दानं पडली १२, ८, ११, ९, १६, १४, १०, ७. बेरीज पुन्हा ८७. जादा फेरीशिवाय थांबणं चौदा. चौथ्या फेरीबरोबर जादा बोट सोडली तर चौदाच, काडीचा उपयोग नाही. पाचवीबरोबर सोडली तर फक्त दोन. दोन दिवस मिळून पाहिलं तर चौथीला एकोणीस, पाचवीला बारा. आदल्या दिवशीचा विजेता हरला.

सिम्युलेशन आणि ऑप्टिमायझेशन एकत्र आले की खरी अडचण इथे सुरू होते, आणि माझ्या मते शिकवताना ती फार घाईत उरकली जाते. परीक्षकच फासे टाकून मार्क देतोय. हजार वेळापत्रकांतून पहिलं निवडलं तर ते चांगलं असेल, किंवा नुसतं नशीबवान असेल, आणि बहुधा दोन्ही थोडं थोडं. म्हणून एका दिवसावर विसंबत नाहीत, हजारो दिवस चालवतात. तिथेही सवंगाई नाही. चूक निम्मी करायची तर चौपट दिवस लागतात, एक दशांश करायची तर शंभरपट. म्हणून कामात तीन सवयी लावून घ्याव्या लागतात. दोन वेळापत्रकांची तुलना करताना दोघांना तेच फासे द्यायचे, जसं आम्ही ओटीवर केलं. दोन जाळ्यांची पारख करायची तर दोन्ही एकाच दिवशी एकाच दर्यात टाकावी लागतात, एक उधाणाच्या मोठ्या भरतीला आणि एक भांगाच्या छोट्या भरतीला टाकून काही कळत नाही. दुसरं म्हणजे सगळ्यांना सारखा वेळ द्यायचा नाही. जे उघड वाईट आहे ते दहा दिवसांत बाद करायचं आणि वाचलेला वेळ चुरशीच्या चार-पाच जणांवर घालायचा. आणि शेवटी जिंकलेल्याची कोऱ्या फाशांवर पुन्हा परीक्षा घ्यायची. जवळजवळ दरवेळी त्याचे मार्क थोडे खाली येतात. कितीने येतात ते आधी पाहावं आणि मगच मालकाला आकडा सांगावा. याकडे दुर्लक्ष करून मी एकदा एका गोदामाला वाढीव फायदा सांगून बसले होते. तेव्हापासून ही पायरी मी सोडत नाही.

आणि "चांगलं" म्हणजे काय? आम्ही थांबण्याचे प्रसंग मोजले. काका म्हणाले की पर्यटकाची चाळीस मिनिटं आणि डायलिसिसहून परतणाऱ्या म्हातारीची चाळीस मिनिटं सारखी कशी? संगणकाला ती सारखीच असतात, आपण वेगळं सांगेपर्यंत. सरासरी थांबणं कमी करा म्हटलं तर तो दुपारच्या गर्दीत फेऱ्या कोंबेल आणि रात्रीची शेवटची बोट काढून टाकेल, कारण रात्री गाड्याच चार असतात. त्या चौघांनी मग अख्ख्या खाडीला वळसा घालायचा. काकांनी नोकरीत मुक्कामाची गाडी कधी रेल्वे यायच्या आधी सोडली नाही. त्यासाठी त्यांना वरून बोलणी बसली असतील, पण गावातल्या माणसाला स्टॅंडवर रात्र काढावी लागली नाही. अशा गोष्टी कमीजास्त करायच्या बेरजेत घालायच्या नसतात, त्या अट म्हणून लिहायच्या असतात. शेवटची बोट अमुक वेळेला सुटणारच, ॲम्ब्युलन्स आली तर ती पहिली. मग उरलेल्यात हवं तेवढं शोधा. अटी कोणत्या हे गणित ठरवू शकत नाही. ते जेटीवर थांबणाऱ्यांना विचारूनच ठरवावं लागतं, आणि माझ्या कामात सगळ्यांत जास्त वेळ याच विचारण्यात जातो. तो जायलाच हवा.

तसंच फाशांचं. गाड्या खरंच तीन फाशांसारख्या येतात का? खरं काम करताना आधी आजचं वेळापत्रक संगणकात घालतात आणि आजची रांग तशीच उमटते का ते पडताळतात. ती उमटत नसेल तर पुढच्या कुठल्याही उत्तराला अर्थ नाही. आमच्या खेळात भरती-ओहोटीही नव्हती. मोठी सुकती असली की पाणी खाली जातं, उतार लांबतो, गाड्या जपून चढवाव्या लागतात आणि फेरी रेंगाळते. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे ही अडचण रोज वेगळ्या फेरीला येते. आणखी एक, रांग खरोखर कमी झाली तर ते गावभर होतं, आणि आजवर घाटातून जाणारेही जेटीकडे वळतात. हे मॉडेलमध्ये घालायला सगळ्यांत अवघड.

कुणाला स्वतः करून पाहायचं असेल तर तीन फासे आणि वही पुरते. एक्सेल येत असेल तर एक ते सहामधला कोणताही आकडा देणारं सूत्र तीनदा बेरजेत घाला, आठ ओळी खाली ओढा, म्हणजे एक दिवस झाला. हजार दिवस एका पानावर येतात.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा काका घरात नव्हते. सहाच्या पहिल्या बोटीला वही घेऊन जेटीवर गेले होते. साडेनऊला आले, चहा घेतला आणि वही माझ्यापुढे ठेवली. डावीकडे वेळ, पुढे गाड्या, एसटीच्या तक्त्यासारख्या सरळ रेघा. सहा दहाला तीन रिक्षा. मग वीस मिनिटं एकही गाडी नाही. मग एका मिनिटात नऊ, आणि त्या नऊच्या पुढे कंसात लिहिलं होतं, 'चिऱ्याचा ट्रक पुढे, मागे सगळे'. "घाटीत ओव्हरटेक होत नाही," ते म्हणाले. "गाड्या सुट्या येतच नाहीत, घोळक्याने येतात. तुझे फासे बदल."